नत्थूजींची वजाबाकी

नत्थूजी भोयरांच्या घड्याळात कधीच बरोबर वाजलेले नसत, आणि या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता.

मी अल्लीपूरच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो त्याच दिवशी आमची ओळख झाली. तेव्हा आमचा मुलूख अजून मध्यप्रदेशातच होता. शाळेचं घड्याळ बंद पडलेलं, आणि मुलांना जेवायला सोडायची वेळ झाली की नाही ते कळेना. समोरच्या घराच्या ओट्यावर एक उंच, वाळका गृहस्थ बसला होता. बंडीच्या खिशातून काळा गोफ लोंबत होता आणि गोफाच्या टोकाला तळहाताएवढं घड्याळ. मी रस्ता ओलांडून विचारलं, "किती वाजले हो?"

"कवापासून?" ते म्हणाले.

मला वाटलं यांना कमी ऐकू येतं. मी मोठ्यानं म्हटलं, "आत्ता. आत्ता किती वाजले?"

त्यांनी घड्याळाचं झाकण उघडलं, नीट निरखून पाहिलं आणि सांगितलं, "चार वाजून दहा मिनिटं."

माझी सावली माझ्या पायाखाली गोळा झाली होती. मी म्हटलं, "अहो, ही तर भर दुपार आहे."

"हो, साडेबारा असन," ते शांतपणे म्हणाले.

"मग घड्याळ लावून का घेत नाही?"

"काऊन लावू? काट्याले हात लावला का फरक मेला."

त्या दिवशी मुलं जेवायला उशिराच सुटली, कारण फरक म्हणजे काय आणि तो कसा मरतो हे नत्थूजींनी मला ओट्यावर बसवून समजावलं. ते रेल्वेत तारबाबू होते. एका लहान स्टेशनावर गाडी कधी आली, कधी गेली आणि किती वेळ उभी राहिली हे वहीत लिहायचं, यात त्यांचा जन्म गेला. एकदा एक मालगाडी आली. जोडीदार बाबूनं आल्याची वेळ लिहिली. गाडी उभी असतानाच त्याला वाटलं, स्टेशनचं घड्याळ थोडं पुढं गेलंय. त्यानं भल्या मनानं काटे मागं सरकवले. थोड्या वेळानं गाडी सुटली, त्यानं सुटल्याची वेळ लिहिली. साहेबानं वही तपासली तेव्हा दिसलं की मालगाडी स्टेशनात यायच्या तीन मिनिटं आधीच निघून गेली होती.

"खुलासा मांगतला साहेबानं," नत्थूजी सांगत. "आता काय खुलासा देईन तो? गाडी उलटी गेली म्हणून सांगन?"

तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. घड्याळाला चावी द्यायची, काट्यांना शिवायचं नाही. दर हिवाळ्यात ते हिंगणघाट स्टेशनावर जाऊन चाल तेवढी तपासून येत. दिवसाला काटा किती सरकतो ते पाहत आणि तो नेमानं चालत असला की खूश होऊन परत येत. "घडी मागं असो का पुढं असो, मास्तर, दोन्ही टोकाले तेवढीच मागं-पुढं राह्यते. वजा केलं का तिचा खोटेपणा आपोआप उडून जाते. दोन टोकं पाह्यजेत, आन् दोन्ही एकाच घडीची."

ही दोन टोकं त्यांच्या तोंडात सदा असत. कुणी म्हणालं, लय वेळ झाला, की यांचा सवाल आलाच, कवापासून? शेजारीण म्हणाली, डाळ शिजून नाही राह्यली, की हे विचारत, चुलीवर कवा ठेवली? हिंगणघाटला पायी जायला किती वेळ लागतो असं विचारणाऱ्याला गाव सांगे, दुपारपर्यंत पोचसान. नत्थूजी सांगत, "तीन तास सदतीस मिनिटं. नाल्यावर पानी पेलो ते चार मिनिटं अलग." माझ्यावर तर त्यांची खास मर्जी होती. शाळा सुटली की ओट्यावरून आवाज येई, "मास्तर, आजचा गनिताचा तास अठ्ठावीस मिनिटाचा झाला. कवितेचा मात्र पन्नास." माझी लबाडी गावात एवढी उघडी कुणीच पाडली नव्हती. पण चिडायची सोय नव्हती, कारण आकडा नेहमी खरा असे.

घरात ते एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकच लेक, यमुना. ती वडनेरला दिलेली. तिच्याबद्दल ते फारसं बोलत नसत, आणि मीही खोदून विचारलं नाही.

गावानं त्यांना खुळचट ठरवूनच टाकलं असतं, पण शंकरपटानं वाचवलं. आमच्याकडे पिकं घरात आली की शंकरपट भरतो. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. हलक्या छकड्याला जुंपलेली एकेक जोडी पाचशे फुटांच्या सरळ पट्ट्यावरून सुटते, आणि सर्वांत कमी वेळात पोचेल ती पहिली. मी आलो त्या वर्षी वेळ मोजायला गिरणीचा मालक बसला होता, कारण गावात दिसायला सर्वांत झकपक घड्याळ त्याचं. गिरडाकडच्या रानातून सोमा मडावी नावाचा गोंड शेतकरी आपली जोडी घेऊन आला होता. बैल लहानखुरे, पण सुटले ते वाऱ्यासारखे. सेकंदाचा काटा चोपन्नावर असताना सुटले आणि काटा फिरून सातावर आला तेव्हा रेघेपार झाले. गिरणीवाल्यानं चोपन्नातून सात वजा केले आणि सत्तेचाळीस सेकंद म्हणून सोमाला सगळ्यांच्या शेवटी टाकलं.

डोळ्यांनी पाहणारे हजार लोक होते. पण कागदावर लिहिलेलं खोटं कसं म्हणायचं, या विचारात सगळे पडले. सोमा स्वतःच हात जोडून म्हणाला, "लिवलं हाये तं बराबरच असन बाप्पा."

तेव्हा गर्दीतून नत्थूजी उठले. गिरणीवाल्याच्या हातातला कागद घेऊन म्हणाले, "काटा घर फिरून आला न बाबू. सातात आधी साठ मिळव, मंग चोपन्न काढ." तेरा सेकंद निघाले. सोमाचा दुसरा नंबर आला, आणि पुढल्या वर्षीपासून घड्याळ नत्थूजींकडे गेलं.

घड्याळ त्यांच्याकडे गेलं, पण त्याचे हाल माझ्या गुडघ्यानं सोसले. नत्थूजी मोजताना घड्याळाकडे बघतच नसत. घड्याळ माझ्या हातात असे आणि त्यांची नजर पट्ट्यावर. आम्ही शेवटच्या रेघेशी बाकावर बसायचो. पलीकडच्या टोकाला झेंडी पडली की त्यांची चापट माझ्या गुडघ्यावर बसे आणि काटा कुठे आहे ते मी लिहायचं. जोडीनं रेघ ओलांडली की दुसरी चापट. त्या घड्याळाचा सेकंदाचा काटा एका सेकंदात पाच बारीक उड्या मारी. या उडीला नत्थूजी टिक म्हणत. पाच टिकांचा एक सेकंद. सवयीनं मलाही टिकेपर्यंत वाचता येऊ लागलं.

एकदा मी शहाणपणा केला. म्हटलं, "नत्थूजी, झेंडी पडल्यावर तुमचा हात खाली यायला वेळ लागतो. तो वेळ चुकतो त्याचं काय?"

"लागते न. पन दोन्ही टोकाले सारखाच लागते. वजा केलं का साफ," ते म्हणाले.

हिशेब साफ होत असे यात शंका नाही. साठ जोड्या धावल्या की एकशेवीस चापटा होत, आणि संध्याकाळी मी लंगडत घरी जाई.

आता त्या वर्षाची गोष्ट सांगतो. सकाळी पट भरत होता तेवढ्यात वडनेरहून तुळशीरामजी आले. हे नत्थूजींचे व्याही, म्हणजे यमुनेचे सासरे. भरघोस मिशा, भरघोस आवाज, आणि जोडी अशी की बैलांच्या अंगावर माशी घसरावी. माणूस दिलदार होता. रस्त्यात भेटलेल्यालाही जेवू घालील. फक्त सून माहेरी पाठवायची म्हटली की त्यांचा हात आखडे. ती गेली तं घर कोन पाहीन, हे त्यांचं ठरलेलं. दोन दिवाळ्या यमुना आली नव्हती. नत्थूजी दर वेळी निरोप धाडत आणि दर वेळी पुढल्या सणाचा वायदा येई.

त्या दिवशी तुळशीरामजी खुशीत होते. सगळ्या पंचांसमोर नत्थूजींच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "इवाईबुवा, औंदा जोडी पयली आली तं सुनबाई होळीपावतर तुमच्याच घरी. चार मानसात शबद देतो."

"पाहू, घडी काय म्हन्ते," नत्थूजी म्हणाले. आवाजात काही फरक नव्हता. पण सकाळीच पुरती चावी दिलेल्या घड्याळाला ते पुन्हा चावी द्यायला लागले, आणि मी हात धरला म्हणून घड्याळाची कमान तुटायची वाचली.

सकाळभर सगळं रीतसर चाललं. सोमा मडावीची जोडी अकराच्या सुमारास धावली. वीस सेकंद एक टिकेला सुटली, बत्तीस सेकंद चार टिकेला आली. बारा सेकंद तीन टिका. इतका कमी वेळ त्या पटात कधी कुणी लिहिला नव्हता. लोकांनी सोमाला खांद्यावर घेतलं.

दुपारी वारा सुटला. पट्ट्यावरची माती अशी उठली की पलीकडची झेंडी दिसेना. आता सुरुवात कशी कळायची? तुळशीरामजींनी तोड काढली. त्यांच्या दमणीत, म्हणजे बसायच्या बैलगाडीत, त्यांची परवान्याची बंदूक होती. ती घेऊन त्यांचा गडी पलीकडच्या टोकाला उभा राहील, जोडी सुटताच हवेत उडवील, आणि आवाज आला की इकडे चापट. पंचांना ही युक्ती फार आवडली.

"आवाजाचं जमत नाई," नत्थूजी म्हणाले. "झेंडी पडली तवाच दिसते. आवाज पायी येते."

सगळे हसले. एक पंच म्हणाला, "पायी येऊन येऊन किती वेळ लावीन हो? पाचशे फुटाचा तं रस्ता."

"जेवढा लावीन तेवढा एकाच टोकाले लावीन. दुसऱ्या टोकाले आवाज नाई, तिथं मी डोयानं पाह्यतो. वजा करून जानार नाई तो."

पण पट थांबवता येत नव्हता. नत्थूजी बसले, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जिथं बंदूक, तिथं फुली मारजा."

तुळशीरामजींची जोडी उरलेल्या जोड्यांत आली. आवाज झाला, चापट बसली. एकावन्न सेकंद चार टिका. दुसरी चापट बसली तेव्हा काटा घर फिरून चार सेकंद एक टिकेवर होता. मी वजाबाकी केली आणि माझं मलाच खरं वाटेना. बारा सेकंद दोन टिका. सोमापेक्षा एक टिक कमी. आकड्यापुढं मी फुली मारली.

आकडा बाहेर गेला आणि एकच गिल्ला झाला. तुळशीरामजींनी येऊन व्याह्यांना कवटाळलं. "उद्याच दमनी धाडतो सुनेले घेऊन," ते म्हणाले. "होळी करूनच या म्हनाव." पितळेची घुंगरमाळ, म्हणजे पहिल्या जोडीचं बक्षीस, पंचांनी पेटीतून बाहेर काढली. सोमा बैलांना पाणी दाखवत बाजूला उभा होता. त्याची काही तक्रार नव्हती.

फुलीचा अर्थ फक्त आम्हा दोघांना ठाऊक होता. मी गप्प बसलो. खरं सांगतो, मला वाटलं होतं तेही गप्प बसतील, आणि बसले असते तर माझ्या मनातून ते तसूभरही उतरले नसते.

नत्थूजी उभे राहिले. "माळ ठेवा," ते पंचांना म्हणाले. "फुली राह्यली."

मग त्यांनी जे केलं ते आमच्या गावात अजून सांगतात. एव्हाना वारा पडला होता, पट्टा साफ दिसत होता. त्यांनी गड्याला बंदूक घेऊन पुन्हा पलीकडे पाठवलं. बैल नाहीत, छकडा नाही, नुसती बंदूक उडवायची. धूर दिसला की डाव्या गुडघ्यावर चापट, आवाज आला की उजव्या. दोन चापटांच्या मध्ये काटा किती उड्या मारतो तेवढं मी बघायचं. हजार माणूस चिडीचूप उभं. पहिल्यांदा दोन टिका. दुसऱ्यांदा दोन. तिसऱ्यांदा पंचांनी आपलाच एक माणूस घड्याळावर बसवला. त्यालाही दोनच दिसल्या.

"बंदुकीच्या जोडीले दोन टिका उशिरा मोजायले लागलो आपन," नत्थूजींनी पंचांना सांगितलं. "त्या परत मिळवा. बारा सेकंद चार टिका. सोम्याची जोडी पयली."

तुळशीरामजींनी मिशीवरची धूळ पुसली. मग हळू आवाजात म्हणाले, "एका टिकेपायी, इवाईबुवा?"

"टिकेपायी नाई जी. वजाबाकीपायी," नत्थूजी म्हणाले.

सोमा पाया पडायला आला तर त्याला त्यांनी दंड धरून उठवलं आणि बैलांना ओली वैरण घालू नको असं काहीतरी सांगितलं. तुळशीरामजींनी बंदूक गुंडाळली, दमणी जुंपली, आणि चहा न घेता निघाले. सुनेला धाडायची गोष्ट कुणीच काढली नाही. लोक मात्र नत्थूजींची वाहवा करत होते. असा माणूस पंचक्रोशीत नाही, असा न्याय राजानं केला नसता, असं चाललं होतं. मीही त्यांत होतो. माझ्या दोन्ही गुडघ्यांना त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळा उघडायला गेलो तर नत्थूजी ओट्यावर नव्हते. त्यांचं दार उघडं होतं. अंगणात भिंतीला टेकून एक बाज उभी होती. तिची दोरी कोरी होती, नुकतीच विणलेली. एकट्या माणसाला दुसरी बाज कशाला लागते, हे माझ्या डोक्यात यायला जरा वेळच लागला.

ते शाळेतच होते. मुलं यायची होती. पहिल्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन बसलेले. हातात कालचा कागद.

"मास्तर, हे जरा फळ्यावर करून पाहा," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काल झालंय की. पंचांनी पाहिलंय."

"पंचाले काय समजते? तुम्ही मास्तर आहा. करा."

मी खडू घेतला. चार सेकंद एक टिक. सेकंदांत साठ मिळवले, चौसष्ट. एका टिकेतून चार जात नाहीत, म्हणून एक सेकंद मोडला, सहा टिका झाल्या. सहातून चार गेले दोन. त्रेसष्टातून एकावन्न गेले बारा. वर बंदुकीच्या दोन. बारा सेकंद चार टिका. खाली सोमाची वजाबाकी मांडली. बारा सेकंद तीन टिका.

"बरोबर आहे, नत्थूजी," मी म्हणालो.

ते फळ्याकडे बघत राहिले. अंकांवरून त्यांची नजर एकेक करून खाली आली, पुन्हा वर गेली. "सेकंद मोडला तिथं काही चुकलं नसन? एखांदी टिक हातची राह्यली असन पाहा."

"नाही राहिली."

"सोम्याचं पाहा. वीसावर एक टिक होतीच का? नुसते वीस तं नसन? तुम्ही वाचली होती."

आणि मग मला कळलं. काल हजार लोकांपुढं ठामपणे उभा राहिलेला हा माणूस आज सकाळी माझ्याकडे चूक शोधायला आला होता. एकच टिक हवी होती त्यांना; नुसती बरोबरी झाली तरी व्याह्यांची जोडी पहिलीत धरता आली असती. ती सापडली असती तर ते तसेच अनवाणी वडनेरला गेले असते, भर गावात व्याह्यांचे पाय धरून आपण चुकलो म्हणाले असते, आणि येताना लेकीला घेऊन आले असते.

"होती एक टिक, नत्थूजी," मी म्हणालो. "मला नीट आठवतं."

त्यांनी मान हलवली. उठून फळ्यापाशी आले, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं सगळे आकडे पुसले आणि पुन्हा बाकावर जाऊन बसले.

"पुन्हा एकडाव मांडा," ते म्हणाले. "हळूहळू."

बाहेर मुलांचा आवाज यायला लागला होता. मी जाऊन दार लोटून घेतलं आणि फळ्यावर पहिला आकडा काढला. चार सेकंद एक टिक. या वेळी चूक मीही शोधत होतो.